आमच्याकडे भेदभाव होत नाही

दवाखान्यातली नोकरी सुटली तरी तिथले किस्से सुटत नाहीत. २०१४ ते २०१९ अशी पाच वर्षं मी डहाणू-तलासरी भागातल्या एका सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते. आता कुठे बारसं असो, हळदीकुंकू असो, चार जणी जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "सिस्टर, तो बहिऱ्याचा किस्सा सांगा ना." मी सांगते. एक सांगितला की त्याच्या मागून दुसरा येतो. पूर्वी सांगताना मीही हसायचे. हल्ली अर्ध्यावर माझाच आवाज चढतो आणि बायका एकमेकींकडे बघायला लागतात.

तर आधी बहिऱ्याचाच.

महिन्यातून एकदा आमच्याकडे कानाचे डॉक्टर यायचे. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तपासणी व्हायची. वाणगावच्या बाजूचा रामदास नावाचा एक माणूस त्यासाठी आला होता. चाळिशीचा, भाजीच्या वाडीत मजुरीला जाणारा, जन्मापासून ऐकू न येणारा. सकाळी आठला येऊन केसपेपरच्या खिडकीसमोर बसला. दुपारी एक वाजता मी जेवायला निघाले तरी तो तिथेच. हातातला कागद त्याने मला दाखवला, खिडकीकडे बोट केलं आणि हात हलवून विचारलं, काय झालं?

मी आत जाऊन रजिस्टर बघितलं. त्याच्या नावापुढे लिहिलं होतं, "तीन वेळा आवाज दिला. गैरहजर."

खिडकीवरच्या क्लार्कला आम्ही भाऊ म्हणायचो. मी म्हटलं, "भाऊ, तो कानाच्या तपासणीला आलाय. त्याला ऐकू येत नाही."

भाऊंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "मग त्याने तसं सांगायचं ना."

कानाचे डॉक्टर साडेबारालाच निघून गेले होते. रामदासला पुढच्या महिन्याची तारीख मिळाली. मी पुठ्ठ्याचे नंबर कापून आणले, मोठ्या अक्षरात लिहिले, नंबर दाखवून बोलवायचं ठरवलं. पंधरा दिवस चाललं. मग भाऊ म्हणाले, एकासाठी एवढं कोण करत बसणार.

*

आमचे मोठे डॉक्टर सोमवारी मुंबईहून यायचे आणि शनिवारी परत जायचे. हाताला चांगले होते, हे मी आधीच सांगते. जिभेला नव्हते.

डहाणूच्या किनाऱ्यावरची हिरूबाई एकदा मासळीबाजारातून तशीच आली. रिकामी टोपली दाराबाहेर ठेवली आणि आत येऊन स्टुलावर बसली. डोकं फुटेल असं दुखत होतं तिचं. डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला. तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "सिस्टर, हिला बाहेर बसवा. वास मारतोय."

हिरूबाई उठली. पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाली, "गेल्या शनवारी माझ्याकडनंच पापलेटं घेतलीस ना? मुंबईपर्यंत गाडीत बसून गेली ती. तवा नाय आला वास?"

रांगेतली माणसं हसली. मीही तोंड फिरवून हसले. किस्सा म्हणून सांगते तेव्हा मी इथेच थांबते.

पण ती बाहेर जाऊन बसलीच. तिचं बीपी मी बाहेरच्या ओट्यावर मोजलं, रस्त्यावरून येणाऱ्या जाणाऱ्यांच्या समोर. वरचा आकडा दोनशेच्या पुढे होता. डॉक्टरांनी गोळ्या खिडकीतून लिहून दिल्या.

*

याच डॉक्टरांचा अजून एक. गंजाडची एक म्हातारी आली होती, गुडघे धरलेले. डॉक्टर म्हणाले, "ए म्हातारे, वर चढ. पाय लांब कर. तुला कळतंय का मी काय सांगतोय?"

म्हातारी टेबलावर चढली. म्हणाली, "कळतंय. तू दाब, मी सांगतंय कुठं दुखतंय ती."

डॉक्टरांचा हात थांबला. "तू? मला अरे-तुरे करतेस? मी कोण आहे माहीत आहे?"

म्हातारी गोंधळली. तिच्या पाड्यावर लहान-मोठ्या सगळ्यांना तूच म्हणतात. काय चुकलं ते तिला कळेना. तिने कमलमावशीकडे बघितलं. कमलमावशी म्हणजे आमच्याकडची सफाईची बाई, वीस वर्षांची जुनी, मूळची त्याच बाजूची. मावशी हातातला पोछा टेकवून म्हणाली, "डॉक्टरांना तुमी म्हणायचं, आजी. मोठे आहेत ते."

म्हातारीने डॉक्टरांना नीट खालीवर बघितलं. "देवाला पण तूच म्हणतंय आमी. ह्यो त्याच्याहून मोठा?"

त्या दिवशी तिचा गुडघा कुणी तपासला नाही. डॉक्टरांनी दुरूनच तेल लिहून दिलं.

*

मग आमच्यासाठी ट्रेनिंग आलं. दोन दिवसांचं, तालुक्याच्या ठिकाणी. "आरोग्यसेवेत समानता आणि सन्मान" असा बॅनर, पुण्याहून आलेले एक सर आणि प्रत्येकाला फाइल-पेन. डॉक्टर पहिल्या रांगेत, आम्ही सिस्टर लोक मधे, भाऊ आमच्या मागे. कमलमावशीला फाइल नव्हती. तिला चहासाठी आणलं होतं.

सर भले माणूस होते. त्यांनी विचारलं, "मोकळेपणाने सांगा. तुमच्या दवाखान्यात कुणाशी भेदभाव होतो? हात वर करा."

कुणाचाच हात वर झाला नाही. डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे भेदभाव होत नाही, सर. सगळ्यांना एकच रांग." सरांनी ते फळ्यावर लिहिलं.

तेवढ्यात मावशी ट्रे घेऊन आली. सगळ्यांना चहा दिला. शेवटी दोन कप उरले. सर म्हणाले, "मावशी, तुम्ही पण घ्या. बसा ना इथे."

मावशी म्हणाली, "नको साहेब. माझा कप दवाखान्यात राहिला."

सर हसले. "अहो, ट्रेमध्ये आहेत की दोन."

"त्यातला नाय चालत," मावशी म्हणाली.

सरांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि आम्ही सगळ्यांनी आपापल्या फाइली उघडल्या. कान तुटलेला तिचा एक कप संडासाजवळच्या खिडकीत ठेवलेला असायचा. तो मी तीन वर्षं रोज बघत होते. तो तिथे का आहे हे मी कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, मला माहीत होतं. माझाही हात वर झाला नव्हता.

*

आता शेवटचा. हा मी बारशाला सांगत नाही.

एका दुपारी, ओपीडी बंद व्हायच्या वेळेला, मी महिन्याचा रिपोर्ट भरत होते. टेबलासमोर दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "पोरीच्या पोटात दुखतंय. दिवस भरत आलेत." मी विचारलं, "पाणी गेलंय? रक्त?" ती नाही म्हणाली. मी मान वर न करता सांगितलं, "मग अजून वेळ आहे. घरी जा. जोरात कळा आल्या की या." रिपोर्ट चार वाजेपर्यंत पाठवायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला वेवजीच्या बाजूच्या एका पाड्यावरून बाई आणली. सुनीता नाव तिचं, वीस-बावीस वर्षांची. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत तिला झोळीत घालून आणलं होतं, पुढे जीप. तिच्यात कण्हायचंही बळ उरलं नव्हतं. मी ग्लोव्हज चढवता चढवता तिच्या सासूवर ओरडले, "एवढा वेळ काय करत होता घरी? तुम्हा लोकांना कधी अक्कल येणार?"

सासू सुनेचा हात धरून उभी राहिली.

मुलगा झाला. रडला नाही. डॉक्टरांनी पाऊण तास प्रयत्न केले. त्यात कसूर नव्हती, मी साक्षी आहे. मग त्यांनी हात धुतले आणि मी केसपेपरवर सवयीने लिहिलं, "रुग्णास उशिरा आणले."

बाळाला फडक्यात गुंडाळून मी बाहेर सासूकडे दिलं. तिने घेतलं. माझ्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. म्हणाली, "काल आणली व्हती. तुमीच बोललाव, अजून वेळ हाय."

आदल्या दिवशी मी त्यांचे चेहरेच बघितले नव्हते. दोन लुगड्यांचे काठ बघितले होते फक्त, टेबलाच्या कडेला.

मी केसपेपर घेऊन डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, "हे चुकीचं लिहिलंय मी. बदलायला हवं." ते त्या दिवशी माझ्याशी फार मऊपणे बोलले. "सिस्टर, बाळ परत येणार आहे का? सगळे उशिराच येतात. राहू द्या." मी राहू दिलं. आयुष्यात मला स्वतःचा जेवढा राग आलाय, तो सगळा त्या तीन शब्दांपाशी जाऊन थांबतो.

कागद वर गेला. दीड महिन्याने वरून आदेश आला की या पाड्यावर जनजागृती करा. एक अधिकारी आले, पोस्टर आलं, जीप आली. सोबत सिस्टर म्हणून मला पाठवलं.

पाड्यावरच्या बायका अंगणात बसल्या होत्या. सुनीता मागे, कुडाला टेकून. सासू सगळ्यात पुढे. अधिकाऱ्यांनी अर्धा तास समजावून सांगितलं. अंधश्रद्धा सोडा, घरी बाळंतपण करू नका, वेळेवर दवाखान्यात या. मग समोरच्या बाईकडे वाकून हसत विचारलं, "काय आजी, कळलं का? कधी यायचं दवाखान्यात?"

"वेळेवर," सासू म्हणाली.

"शाबास."

मग तिने विचारलं, "पन साहेब, वेळ झाली का नाय ती आमाला कोन सांगल?"

अधिकाऱ्यांनी हात लांब करून माझ्याकडे बोट दाखवलं.

"या आहेत ना," ते म्हणाले. "सिस्टर सांगतील."