लग्नाच्या लॉनवरचं कॉलेज

हल्लीच्या पोरी मोबाईल उभा धरून कॉलेजचे व्हिडिओ करतात. मागे गाणं, पुढे हसू. बघितलं की माझं डोकंच फिरतं. असला थिल्लरपणा आमच्या कॉलेजनं दोन हजारच्या दशकातच करून दाखवला होता, आणि त्यात हसायचं काम माझ्याकडे होतं.

शिरूर-दौंड पट्ट्यात आडरानात पत्र्याच्या शेडमध्ये ते कॉलेज भरायचं. आता बंद पडलंय, बरं झालं. आमच्या गावाहून न्हावऱ्यापर्यंत चालत येऊन मी एसटी धरायचे. आमच्या भावकीत मुलीला दहावीनंतर कुणी शिकवलं नव्हतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चुलत्यांशी भांडून मला घातलं होतं. अट एकच. "गावात चर्चा व्हायला नगं. झाली, की त्याच दिशी घरी." मला शिक्षिका व्हायचं होतं आणि शेवटचं वर्ष राहिलं होतं.

प्रवेश होईनात म्हणून प्राचार्यांच्या डोक्यातून निघालं, की कॉलेजचा व्हिडिओ काढायचा. केबलवर दाखवायचा, इंटरनेटवरही टाकायचा. आणि बोलावलं कुणाला, तर लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला! कायम कुलूप असलेलं ग्रंथालय त्या दिवशी उघडलं. कॉम्प्युटरवरची प्लास्टिकची कव्हरं काढायला प्राचार्य सरांनी मनाई केली, धूळ बसते म्हणे. मग पोरांनी कव्हरावरूनच टाईप केलं. चेहरे मात्र असे, की जणू रॉकेट सोडतायत!

आता कॅम्पस दाखवायचा, पण आमच्याकडे होती खडी आणि चार बाभळी. शूटिंगवाल्याला हिरवळ पाहिजे. झालं, आम्हाला जीपमध्ये कोंबून जवळच्या मंगल कार्यालयाच्या लॉनवर नेलं. 'चांगले कपडे घालून या' असा हुकूम होता. माझ्याकडे चांगला ड्रेस एकच, चुलत बहिणीच्या लग्नातला, गुलाबी, जरीचा. त्यामुळे मला पुढे बसवलं. शेजारी वर्गातला एक मुलगा, ज्याच्याशी मी आयुष्यात बोललेली नव्हते. दोघांत एक पुस्तक.

"जरा हसा की! परीक्षेला बसलाय का?" शूटिंगवाला ओरडला. सर उभेच होते. मी हसले.

त्या बाबाला मिक्सिंग येत होतं ते फक्त लग्नाचं. त्यानं आमची दोन्ही डोकी बदामात बसवली, वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या, खाली सनई लावली. प्राचार्यांनी बघून वाहवा केली! सनईत निवेदन करणाऱ्या बाईचा आवाज निम्मा बुडाला होता, तेही कुणाला खटकलं नाही.

संध्याकाळी केबलवर लागलं. अर्ध्या गावाची लग्नं त्याच लॉनवर लागलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा डेअरीवर दूध घालायला गेले, तर सगळ्यांसमोर एकजण म्हणाला, "आप्पा, पोरीचं उरकलं व्हय? आम्हाला साधं बोलवलंबी न्हाई!"

आप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. धुतलेला शर्ट घालून ते माझ्याबरोबर कॉलेजात आले. प्राचार्यांपुढं हात जोडून म्हणाले, "सर, तेवढं पोरीचं काढून टाका. शेवटचं वरीस हाय तिचं."

प्राचार्यांनी शिपायाला हाक मारली. माणूस आला, की सत्कार, एवढीच त्यांना रीत ठाऊक. आप्पांच्या खांद्यावर शाल, हातात नारळ. "अहो, तोच तर भाग झकास आलाय! अभिमान बाळगा मुलीचा!" वर टाळ्याही वाजवल्या. मी शेजारी उभी. माझं शिक्षण वाचवायला आलेल्या माणसाला त्यांनी शाल घालून वाटेला लावलं, याची चीड मला अजून येते.

येताना एसटीत आप्पांनी नारळ मांडीवर धरला होता. न्हावरं आलं तेव्हा म्हणाले, "उद्यापासनं नगं जाऊ."

मी गेले नाही. व्हिडिओ मात्र चालूच राहिला. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले तेव्हा त्यांनी सनई जरा कमी केली. मग निवेदनाचा शब्द न् शब्द ऐकू यायला लागला. रोज संध्याकाळी माझं हसरं तोंड बदामात यायचं आणि ती बाई सांगायची, "इथे ग्रामीण मुली निर्धास्तपणे शिकतात." मी तेव्हा आत भाकरी थापत असायचे.