बाराचं ॲव्हरेज

अप्पा गेल्यावर त्यांच्या मागे आमच्या घरात दोनच गोष्टी उरल्या: आमची आई, म्हणजे अव्वा, आणि त्यांची जुनी जीप. अव्वा डिझेल पीत नसल्यामुळे तिच्याविषयी कुणाची तक्रार नव्हती.

जीपविषयी मात्र बसण्णाकाकांची होती. काका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ, आता घरातले वडीलधारे तेच. एका रविवारी चहा पिता पिता ते म्हणाले, "दादा गेला. आता ह्यो पांढरा हत्ती कशापायी पोसायचा? भंगारवाल्याला सांगून ठिवलंय मी."

मला रडूच आलं. ड्रायव्हरच्या सीटला अजून अप्पांच्या बसण्याचा खळगा होता आणि मी त्यात बसलो की दोन्ही बाजूंनी जागा उरायची. (मी शाळेत क्लार्क आहे. माझ्यामुळे कशालाच खळगा पडत नाही.) पण रडू आलं की मला राग येतो, आणि राग आला की मी काहीही बोलतो.

"काका, अप्पांच्या हातात ही लिटरला बारा देत होती. माझ्याही हातात देईल! वेळ अमावस्येपर्यंत बारा दिलं नाही, तर खुशाल भंगारात घाला!"

"ठरलं!" काका म्हणाले आणि बशी खाली ठेवली.

बारा हे आमच्या घरातलं वेदवाक्य होतं. कुणीही, कुठंही विचारलं तरी अप्पांचं उत्तर एकच, "बारा." मी टाकी फुल्ल करून मोजलं तर सहा निघालं. चूक झाली असेल म्हणून पुन्हा मोजलं. पुन्हा सहा! बापाच्या हातात बारा आणि लेकाच्या हातात सहा, म्हणजे मी बरोबर अर्धा माणूस होतो. दोन दिवस जेवण गेलं नाही.

गल्लीतल्या मिस्त्रींनी जीपमधून एक चक्कर मारली आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"साब, शाळेकू जाते क्या पहाड पे?"

"का हो?"

"चारों चक्के लगे सो हैं!"

गिअरशेजारचा तो दुसरा दांडा शोभेचा आहे, अशी माझी समजूत होती. कधीतरी पिशवी अडकवताना तो पुढं सरकला असावा. शाळा सव्वा किलोमीटरवर, रस्ता डांबरी, आणि मी सहा महिने चारही चाकांना ओढायला लावून फायली घेऊन जात होतो!

दांडा मागं ओढला, ॲव्हरेज नऊ झालं. इथं शहाणा माणूस थांबला असता. मी फिल्टर बदलला, टायरमध्ये हवा भरली, चाळीसच्या वर जाणं सोडलं (सायकलवाले मागं वळून बघायचे). साडेनऊ. मग वजनाच्या मागे लागलो. स्टेपनी उतरवली, जॅक उतरवला, कॅरिअर, ताडपत्री आणि शेवटी मागचे दोन्ही बाक.

माझी बायको मंगल दारात उभी राहून बघत होती. "अहो, आता मलाबी उतरवून ठिवा."

"तू गाडीत आहेसच कुठं?"

"तेच म्हणतीय मी."

साडेदहा! राहिलं दीड. मी मिस्त्रींना म्हटलं, पुढच्या चाकांना फिरवणारा तो शाफ्टही काढा, उगाच वजन.

"साब, ये निकाले तो रान में नै चलती. चिखल में फसी तो फसी."

"ऐन हिवाळ्यात कुठला आलाय चिखल?" मी हसलो. शाफ्ट निघाला. अकरा झालं, आणि वेळ अमावस्या उजाडली.

त्या दिवशी आमच्याकडे झाडून सगळे शेतात जेवायला जातात. अप्पा गेले त्या वर्षी कुणी गेलं नव्हतं. यंदा अव्वा म्हणाली, "येळवसला जायाचं तर ह्यांच्या गाडीनंच." बाक काढलेले होते, म्हणून मागं प्लास्टिकची खुर्ची ठेवली. अव्वा मांडीवर आंबिलीचं मडकं घेऊन तिच्यावर बसली. मंगल भज्जीचं, म्हणजे येळवसच्या मिसळभाजीचं, पातेलं धरून माझ्या शेजारी.

होटगीच्या पुढं डांबरी रस्ता सोडला. शेत हाकेच्या अंतरावर आलं आणि बघतो तर शेजाऱ्याची पाइपलाइन फुटलेली! काळ्या रानाचं लोणी झालं होतं. मागची चाकं रुतली. मी जोर लावला, ती आणखी रुतली. घाईघाईनं दुसरा दांडा पुढं ढकलला. दांडा गेला पुढं, पण पुढं जोडलेलं काही नव्हतंच! मी आणखी जोर लावला. जीपनं हिसका दिला, खुर्ची घसरली आणि अर्धं मडकं आंबील माझ्या डोक्यावर आली.

शेतातून काका ट्रॅक्टर घेऊन आले. उतरले. माझ्या कानातून गळणारी आंबील शांतपणे बघितली आणि म्हणाले, "मग? किती देतीय?"

मला अप्पांची गाडी भंगारात जाताना दिसली. अकरासुद्धा तोंडातून फुटेना.

"बारा!" मागून, कलंडलेल्या खुर्चीतून अव्वा म्हणाली.

"वैनी, खरं?"

"व्हय की. घरापास्नं हितवर बाराच."

काकांनी ट्रॅक्टरवरचा दोर काढला. मग दोर बांधायला वाकले. "दादाबी असंच सांगायचा," एवढंच म्हणाले. वर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

ट्रॅक्टर ओढायला लागल्यावर मी हळूच विचारलं, "अव्वा, खोटं कशाला बोललीस?"

"ह्यांनी कधी मोजलंच न्हाय रं. इचारलं की बारा. एकदा गाडी चार म्हैने बंद पडल्याली, तवाबी बाराच!"

मी हसलो, आणि हसता हसता अप्पांची इतकी आठवण आली की रडायलाच लागलो. तोंडावर आंबील होती म्हणून निभावलं.

जीप आता दारातच आहे. बाक, स्टेपनी, शाफ्ट, सगळं जागच्या जागी. परवा पंपावर एकानं विचारलं, "साहेब, किती देती ओ?"

"बारा," मी पापणीही न हलवता सांगितलं. अप्पांचं तेवढं मला हुबेहूब जमलं. सीटमध्ये मात्र अजून दोन्ही बाजूंनी जागा उरतेच!