मोटारसायकलीवर ठेवलेला हात

रविवारची उपासना संपली तेव्हा चर्चच्या दारात हार घातलेली नवी मोटारसायकल उभी होती. पाळकसाहेबांनी टाकीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. आमच्याकडे नव्या गोष्टीवर अशी प्रार्थना होतेच. शिलाई मशीन, बोअरवेल, आणि कॉलेजला निघाले तेव्हा माझं डोकंसुद्धा. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्या हाताची ऊब मला अजून आठवते.

तोच हात काल मंडळीच्या सभेत विरोधात वर गेला. माझी रूथताई आणि तिची जोडीदार सुनीता यांना एकत्र आयुष्य काढण्यासाठी आशीर्वाद हवा होता. फक्त एक प्रार्थना. "अर्ज तर दे, मी आहे ना, बाळ," असं पाळकसाहेब मला म्हणाले होते. म्हणून मीच ताईला अर्ज लिहायला लावला.

बायबल मला त्यांच्याइतकं कळत नाही. पण आशीर्वाद मागायला माणसाला केवढा धीर लागतो, आणि यंत्राला तो मागावाही लागत नाही, एवढं मला दिसलं.

"आमेन," सगळे म्हणाले.

शेजारी उभी असलेली ताई कुजबुजली, "पुढच्या रविवारी सुनीताची स्कूटी धुऊन आणू. आम्ही दोघी वर बसून राहतो. गाडीबरोबर आम्हालाही मिळून जाईल."

ती हसली. मला हसता आलं नाही.

जाताना पाळकसाहेबांनी नेहमीसारखा माझ्या डोक्याकडे हात नेला. मी पहिल्यांदाच डोकं मागे घेतलं.