सगळं लशीनंच झालंय!

लस आणायला बर्फाचा डबा लागतो. लशीच्या किश्श्यांना ना डबा लागतो ना बर्फ. उघड्यावर पडून राहतात आणि वर्षं झाली तरी नासत नाहीत! उंब्रजच्या पुढं एका गावातल्या उपकेंद्रात मी नर्स आहे. गाव मला 'बाई' म्हणतं. कोविड जाऊन इतका काळ लोटला, तरी अजून कुणीतरी दारात येतंच, "बाई, ते तवाचं इंजेक्शन हाय न्हवं..." मी खुर्चीतून न उठता म्हणते, "बोला, आता काय दुखतंय?"

एक म्हणतो लशीनं वाचलो, दुसरा म्हणतो लशीनं मेलो. आणि मेलो म्हणणारा माझ्यासमोर उभा राहून चहा पीत असतो!

खरं सांगू? कंटाळा आलाय. पण सध्या डोक्यात हे काहीच नाही. डोक्यात आहे तो आबांचा नातू.

आबा म्हणजे आमच्या गावचे रिटायर्ड हवालदार. सुनेचं बाळंतपण कोरेगावला माहेरी झालं, तिकडं बाळाच्या तोवरच्या सगळ्या सुया वेळेवर झाल्या. बाळ सासरी आलं आणि आबांनी दारातच ऑर्डर काढली, "आता बास. आमच्या घरात सुई न्हाई." गोवराचं इंजेक्शन राहिलं. आणि शेजारच्या वस्तीवर पोरांना गोवर निघालाय.

आबांशी भांडता येत नाही. कोविडची लस घेतल्यावर काही दिवसांनी त्यांचे थोरले भाऊ गेले. डॉक्टर म्हणाले हार्ट. मीही तेच सांगितलं. आबा म्हणाले, "हार्ट तर आधीबी हुतं की, बाई." ती सुई मीच दिलेली.

*

तेव्हाचं गाव आठवतं. लशीची गाडी आली की माणसं उसात! आमचा एक शेतकरी तर भाकरी बांधून घेऊनच उसात बसलेला. बायको बांधावरनं हाका मारतीय, हा आतनं ओरडतोय, "मी घरात न्हाई म्हणून सांग!"

मग उंब्रजला ओळखीतली माणसं कोविडनं दगावायला लागली आणि वारं फिरलं. लस कमी, माणसं ढीगभर. पहाटेपासून लाइन. बघते तर पहिल्या नंबरला नुसती चप्पल! मी ती उचलून बाजूला ठेवली तर हाच उसातला गडी धावत आला, "ओ बाई, माझा नंबर हाय त्यो! चपलेला हात लावायचा न्हाई!"

*

मेहबूब चाचा आमच्या उपकेंद्राच्या शेजारी टेलरिंगचं दुकान चालवतात. त्यांचा गुडघा लशीनं गेलाय.

"चाचा, तुमचा गुडघा मी इथं बदलीवर आले तेव्हापासून दुखतोय."

"त्यो उजवा. आता डावाबी दुखतो. का? लस मी डाव्या हाताला घेतली! डावा हात, डावा पाय, एकच लाइन हाय बाई."

बाकावर बसलेली माणसं माना डोलवायला लागली. एकानं तर लगेच स्वतःचा डावा पाय चाचपून बघितला. तेवढ्यात दुकानातनं चाचींचा आवाज आला, "आवं, उजव्या हाताला घेतलीया तुमी! डोळं गच्च मिटून बसला हुता, तुमाला काय दिसणार? हात मी धरलेला!"

चाचांनी दोन्ही दंड चाचपून बघितले. मग म्हणाले, "मग आत क्रॉसिंग झालं आसंल."

*

माझ्या माहेरची तऱ्हा निराळी नाही. भाऊ तासगावला असतो. त्याला कुठलाही व्हिडिओ आला की तो मला पाठवतो. नाचता नाचता कोसळलेला माणूस, जिममध्ये कोसळलेला माणूस. मग लगेच फोन, "ताई, बघितलास? काय काय टोचलंत गं तुम्ही आम्हाला?" ऐकू नीट येत नाही, कारण तोंडात तंबाखूचा मावा भरलेला.

"आधी थुंक," मी म्हणते.

"ताई, विषय बदलू नकोस!"

लस घेऊन मीही दोन दिवस तापात होते. त्याच तापात इतरांना लस देत होते. त्याबद्दल आजवर एकाचाही फोन आलेला नाही.

*

संगीता दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबते, मग घरचं बघते. परवा आली आणि बाकावर बसलीच.

"अंग लय दुखतंय, बाई. ती कोविडची लस हाय का अजून?"

मला बरं वाटलं. चला, मागणारं कुणीतरी निघालं! म्हटलं, "नाही गं, आता येत नाही ती आपल्याकडं. पण तुला कशाला हवी?"

"तवा ताप आलेला. मालकांनी च्या करून दिला. सासूबाईंनी भाकरी थापल्या. दोन दिस उठली न्हाई मी. लगीन झाल्यापास्नं तेवढीच झोप झाली." मग हळूच म्हणाली, "दुसरी कसली बी द्या, पण ताप येणारी."

मी गोळी काढायला कपाट उघडलं.

"आवं, ती नगं! तिनं उतरतो ताप!"

*

मग लहान मुलांच्या लसीकरणाचा दिवस आला. बाक बायकांनी भरलेला. आणि दारात आबा! पायाला फडकं बांधलेलं, कडेवर नातू, मागं सून.

"उसाचं खोडकं घुसलंय पायात. धनुर्वाताचं हाय का?"

"आहे."

"ह्या पोराचं राहिलेलं?"

"तेही आहे."

"दोनी एकाच डब्यातनं आल्यात न्हवं?"

"हो, आबा."

"मग आधी मला टोचा. मी हितंच बसतो. मला काय झालं तर पोरगं तसंच घरी जाईल."

"आवं आबा, तुमचं औषध निराळं, त्याचं निराळं. त्यावरनं काही कळत नाही..."

"बाई, हात माझा हाय. टोचा."

टोचलं. आबा नातवाला मांडीवर घेऊन खुर्चीत ताठ बसले, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. बाकावरच्या बायकाही घड्याळ बघायला लागल्या. सून काही बसली नाही. एकीनं विचारलं, "आबा, काय हुतंय का?"

"गप ऱ्हा."

अर्धा तास झाला तरी आबा उठले नाहीत. मीही घाई केली नाही, भीतीच वाटत होती. शेवटी त्यांनी स्वतःच नातवाची बाही वर केली.

"घ्या."

मी सुई दिली. पोरानं श्वास कोंडला, लालबुंद झालं आणि मग असं भोकाड पसरलं की चाचा दुकानातनं बाहेर आले. सून घ्यायला धावली. आबा देईनात. पोराला छातीशी धरून उभे, डोळ्यांतनं पाणी गळतंय.

"रड गड्या," आबा म्हणाले, "लय मोठ्यानं रड. आमचा दादा सुई घेतली त्या दिशी गप बसला हुता."