यादीत आईचं नाव

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी तेव्हा खजुरीच्या शाळेत मुलींना शिकवत होते. माझा भाऊ गुलबर्ग्याच्या कॉलेजात होता. त्याला अर्थशास्त्र शिकवणारे सर मूळचे तमिळ. नोकरी सोडून पहिल्या निवडणुकीला आमच्या भागातून उभं राहायचं त्यांनी ठरवलं होतं. कानडी त्यांना येत होती, उर्दू टांगेवाल्यांशी बोलून जमली होती. मराठी तेवढी राहिली होती. म्हणून भाऊ त्यांना माझ्याकडे घेऊन आला.

दर रविवारी सर बसनं यायचे आणि आमच्या ओसरीवर वही उघडून बसायचे. "भाकरी फार चांगला झाला," असं जेवताना म्हणायचे. आई आत जाऊन हसायची. त्यांच्याशी ती एक शब्द बोलत नसे.

एका रविवारी पटवारी मतदारांची यादी घेऊन आला. सरांनी ती वाचली आणि चष्मा काढला.

"यात बायकांची नावं कुठं आहेत?"

अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच लिहिलेलं होतं. अशा नोंदी यादीतून काढून टाकणार, असं पटवारी म्हणाला.

"परक्याला नाव सांगायची रीत न्हाई, सर," मी म्हटलं.

"माझ्या वर्गात हजेरीत नाव नाही, तर परीक्षा नाही. तुम्ही घरोघर जा. मी येत नाही. मी पुरुष, त्यात उमेदवार."

मी घरापासूनच सुरुवात केली. आई ज्वारी निवडत होती.

"कामून पायजे तुला माझं नाव?"

"मत द्यायला."

तिनं माझ्या वडिलांकडं, अप्पांकडं पाहिलं. "सांग की," अप्पा म्हणाले.

तिनं सांगितलेलं नाव मी कधीच ऐकलं नव्हतं.

"माहेरचं हाय. इथं आल्यापासून त्या नावानं कुणी हाक मारलीच न्हाई."

लिहिलेलं तिनं मला दोनदा वाचायला लावलं. मग सूप बाजूला सारून उठली. "चल. शेजारणी तुला सांगायच्या न्हाईत. मला सांगतील."

चार दिवस आम्ही मायलेकी हिंडलो. कुणी आईच्या कानात नाव सांगितलं, कुणी सासू पाण्याला गेल्यावर. एका म्हातारीला स्वतःचं नाव आठवायला अर्धी दुपार लागली. पुढच्या रविवारी आईनं नावांची वही स्वतः सरांच्या हातात दिली आणि म्हणाली, "बघा, कोण राहिलंय का."

मतदानाच्या दिवशी ती इरकल लुगडं नेसून रांगेत पहिली उभी होती. सर निवडून आले आणि हैदराबादला विधानसभेत गेले. आता कशाला येतात, असं गाव म्हणायचं. पण ते महिन्याला यायचेच. कुणी अर्ज आणला, की लाल पेन्सिलीनं चुका दाखवून तो परत लिहायला लावायचे. माणसं वैतागायची, पण अर्ज मंजूर व्हायचे.

मुलींच्या शाळेला दुसरी खोली मिळावी, हा अर्ज मीच लिहिला होता. तो त्यांनी तीनदा परत दिला. खोली झाली, वर पत्रे घातले. उन्हाळ्यात आत बसवत नसे, तेव्हा मी मुलींना बाहेर कडुलिंबाखाली नेत असे. निवृत्त होईपर्यंत मी त्याच शाळेत शिकवलं.