श्रेयाच्या पेरूची गुटी

नायगावच्या चाळीत मीनाक्षीबाईंना सगळे 'बॉटनीच्या बाई' म्हणत. दादरच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. पण काळीज इतकं मऊ, की कुंडीतली तुळस छाटायची वेळ आली तरी कात्री शेजारणीच्या हातात द्यायच्या. चाळीला त्याची भारी गंमत वाटे.

चाळीच्या पायऱ्यांशी एक पेरूचं झाड होतं. बाईंच्या एकुलत्या एका मुलीनं, श्रेयानं, शाळेत असताना खाल्लेल्या पेरूचं बी मातीच्या डब्यात टाकलं होतं. रोप वर आल्यावर तिनंच ते खाली लावलं. त्याला पहिला पेरू धरला तेव्हा ती तापानं हॉस्पिटलात होती. नर्स सुई घेऊन आली की बाईंना बघवत नसे. त्या बाहेर जाऊन उभ्या राहायच्या. श्रेयानं डोळे मिटले तेव्हाही त्या बाहेरच होत्या. त्या दुःखाला औषध नव्हतं. पुढे यजमानही गेले आणि धरून ठेवायला ते झाड तेवढं उरलं.

आता चाळ पाडून टॉवर होणार होता, म्हणजे झाडही जाणार होतं. शेजारचा लवू म्हणाला, "बाई, बियो लावा मगे. दुसरां झाड येतलां."

"बियांतून येईल ते त्याचं लेकरू रे," बाई म्हणाल्या. "मला तेच झाड हवंय. तिच्या हातचं."

त्यासाठी फांदीला गुटी बांधायला हवी होती, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडायची आणि मग ती कापून दुसरीकडे लावायची. बाकीच्या फांद्यांना कीड लागलेली, धड अशी एकच. गुटीचा धडा बाईंनी किती वर्गांना शिकवला असेल! शेंड्याच्या कोवळ्या पानांत ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते एका पेशीतून दुसरीत असं खाली सरकत जातं. पेशीतून बाहेर पडायची त्याची दारं मुख्यतः तळाकडेच असतात, म्हणून त्याची वाट खालची. फांदीची साल गोल सोलून काढली की ती वाट तुटते, ऑक्झिन वरच्या काठाशी साचतं आणि तिथंच मुळं फुटतात. "सालीचा एक धागाही ठेवायचा नाही," बाई वर्गात बजावत, "धागा राहिला की सगळं तिथूनच खाली निघून जाईल."

पावसाळ्यात त्यांनी स्वतः ब्लेड हातात घेतलं. हे काम दुसऱ्याला सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलंच होतं. साल सुटत गेली, आतलं ओलं पांढरं लाकूड दिसलं आणि बाईंनी ब्लेड बाजूला ठेवलं. मागच्या बाजूला नखाएवढी पट्टी राहिली होती. एवढ्यानं काय बिघडतंय, असं स्वतःलाच समजावून त्यांनी वर ओलं शेवाळ लावलं, प्लास्टिक गुंडाळलं आणि सुतळीनं घट्ट बांधून टाकलं. मग रोज सकाळी त्या गुटीला हात लावून यायच्या.

घर सोडायच्या दिवशी टेम्पो आला, मागोमाग करवत घेऊन माणसंही आली. लवूनं गुटीच्या खालून फांदी कापून बाईंच्या हातात दिली. बाईंनी पायरीवर बसून सुतळी सोडली. शेवाळ अलगद गळून पडलं. मुळाचा एक केसही नव्हता. मागची ती पट्टी मात्र जाड झाली होती, हिरवीगार.

"मुळां खंय?" लवूनं विचारलं.

"साल ठेवली होती रे थोडी," बाई म्हणाल्या. "त्याला दुखेल म्हणून."

लवू काहीतरी धीराचं बोलायला गेला, पण तेवढ्यात करवत सुरू झाली. बाई सवयीनं उठल्या, चाळीच्या आत जायला वळल्या. दाराशी थांबल्या. मग परत फिरल्या आणि झाड आडवं होईपर्यंत त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

ती फांदी त्यांनी नव्या घरी नेली आणि बादलीत ठेवली. काही व्हायचं नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी शेवटचं पान गळेपर्यंत त्या पाणी बदलत राहिल्या.