बिगुलवाला म्हणजे कोण

अग्निशमन दलाच्या बँडमध्ये तो बिगुल वाजवायचा, म्हणून गल्ली त्याला बिगुलवाला म्हणायची. तेव्हा त्या शब्दाला रुबाब होता. कडक इस्त्रीचा गणवेश चढवून तो बाहेर पडला की बायको दारात येऊन म्हणायची, "निघाली स्वारी!"

मग एका सकाळी दाढी करताना त्याला आरशात तोंड एका बाजूला ओढलेलं दिसलं. तोंडावरून वारं गेलं होतं. औषधपाण्यानं चेहरा बराचसा सरळ झाला, पण ओठांत फुंक राहिली नाही. बिगुलातून नुसती हवा आणि थुंकी यायची. दलानं पाठीवर हात ठेवून घरी पाठवलं.

मेहुण्यानं बाटल्यांच्या कारखान्यात शब्द टाकला. पहिल्या दिवशी त्यानंच सगळ्यांना सांगितलं, "हे आमचे दाजी. मोठे बिगुलवाले!" बाटल्या धुणारे गाल फुगवून पॅं-पॅं करायचे. यानं तेही हसण्यावारी नेलं.

वाफेच्या नळीनं तिघांचे हात भाजले, तेव्हा कामगारांनी गुपचूप ठरवलं, सोमवारी काम बंद. सोमवारी फाटकावर पुढाकार घेणाऱ्या फिटरला आणि त्याच्या दोन जोडीदारांना आत सोडलंच नाही. साहेबाला आधीच सगळं ठाऊक होतं.

"साहेबाच्या कानाशी बिगुल वाजला वाटतं," नळाशी कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. या वेळी कुणी हसलं नाही.

आदल्या शनिवारी मेहुण्याला साहेबाच्या खोलीत हळू आवाजात बोलताना यानं पाहिलं होतं. आठवड्याभरात मेहुणा मुकादम झाला.

घरी यानं ते बायकोला सांगितलं. तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"माझ्या भावाचं नाव बाहेर काढाल तर बघा. त्याच्यामुळे आपली चूल पेटतेय."

"काढू तरी कसं? नाव घेतलं की मी तोच झालो, जो ते मला म्हणतात."

तरी राहवेना, म्हणून तो फिटरच्या घरी गेला. नाव घ्यायचं नव्हतं, फक्त 'मी नव्हे' एवढंच म्हणायचं होतं. फिटरनं दार अर्धं उघडलं.

"आता इथलं काय कळवायचंय साहेबाला?"

"अहो, मी..."

दार लागलं. आतून कडीचा आवाज आला.

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत त्याच्या बाकावर कुणी बसेना. नवे आलेले कामगारही त्याला पाहून बोलणं थांबवायचे. त्यांना बँड ठाऊक नव्हता, शब्द तेवढा ठाऊक होता. हजेरी घेताना मेहुणाही त्याला आता दाजी म्हणत नसे.

"बिगुल!"

"हजर," तो म्हणायचा, आणि मान खाली घालून बाटल्या धुवायला लागायचा.